शॅमेलियनसाठी पिंजरा विचारताय? आधी कागद दाखवा

गेल्या महिन्याभरात इनबॉक्समध्ये एकच प्रश्न पाच-सहा जणांनी विचारलाय. "दादा, शॅमेलियनसाठी सेफ पिंजरा कसा करायचा? मुंबईत कुठं बनवून मिळेल?" विचारणारे सगळे आपलेच. मूळचे माण-खटावचे, पण दोन-तीन पिढ्या लालबाग, परळ, नायगाव, गिरगावात काढलेले. एकानं तर बुटाच्या खोक्यात बसलेल्या सरड्याचा फोटो पाठवला, वर हार्टचा इमोजी. खोक्याला पेनानं सहा भोकं पाडली होती. खाली लिहिलं होतं, "गावाहून आणलाय, पोरगा लय खूष आहे."

प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसायला वेळ नाही, म्हणून इथंच लिहितो. पोस्ट लांब आहे. पण पोराच्या वाढदिवसासाठी पैसे काढून ठेवले असतील तर पूर्ण वाचा, नाहीतर पैसे जातील, जनावर जाईल आणि नशीब फारच वाईट असेल तर वनखात्याच्या केसमध्ये तुमचं नाव जाईल. ते नाव मग माझ्यासारख्याच एखाद्या बातमीदाराला छापावं लागेल.

तर पहिला सवाल. कुठला शॅमेलियन?

फोटोतला तो प्राणी मी ओळखला. तुम्हीही ओळखाल. आपल्याकडं त्याला घोयरा म्हणतात, पुस्तकात सरडगुहिरा लिहितात. भारतात सापडणारा हा एकमेव शॅमेलियन. बाभळी-बोरीच्या काट्यात, शेताच्या कडेच्या झुडपात असतो. पाऊल टाकू की नको, टाकू की नको असं डुलत चालतो. दोन डोळे दोन दिशांना. जीभ अंगाच्या लांबीची, किडा टिपून परत तोंडात जाईपर्यंत आपली पापणीसुद्धा लवत नाही. शेपटीची गुंडाळी. जवळ गेलात की अंग फुगवतो, जबडा उघडतो, फुस्स करतो. बस्स, एवढंच त्याचं हत्यार. विषाचा थेंब नाही. तरी गावोगाव त्याला विषारी समजून काठीनं मारतात, लहान पोरं दगड मारतात, आणि म्हातारी माणसं "बरं झालं" म्हणतात. उरलेला मुंबईला खोक्यातून जातो.

हा घोयरा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. पकडणं, पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळं गुन्ह्यात येतं. "आमच्याच रानातला आहे, विकत कुठं घेतलाय" हे कोर्टात चालत नाही, कारण कायद्याच्या भाषेत पकडणं ही शिकारच आहे. या कायद्यात सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम २०२२ च्या दुरुस्तीनं वाढवली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. मांडूळ विकताना पकडलेल्या पोरांच्या बातम्या आम्ही तालुक्याच्या पानावर कित्येकदा लिहिल्यात. प्रत्येक वेळी पोरगं विशीतलं, बाप शेतकरी, आणि ज्यानं "कोटीचं गिऱ्हाईक" सांगितलं तो गायब. घोयऱ्याला कोटीचं गिऱ्हाईक नाही. त्याला रीलवाल्यांचं गिऱ्हाईक आहे, हाच काय तो फरक.

म्हणून घोयऱ्याच्या पिंजऱ्याची मापं मी देणार नाही. कितीही मोठा, कितीही हवेशीर केला तरी तो पिंजरा बेकायदाच. ज्यानं फोटो पाठवला त्याला तेच सांगितलं, बाकीच्यांनाही सांगतो. घरात असेल तर शिवाजी पार्कात, राणीच्या बागेत किंवा सोसायटीच्या कुंडीत सोडून मोकळं होऊ नका. कोरड्या माळावरचं जनावर परळच्या पावसात आणि कावळ्या-मांजरांत किती टिकेल? महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन आहे, १९२६. चार आकडी नंबर, पाठ होतो. फोन करा, सापडला म्हणून ताब्यात द्या.

आता दुसरा प्रकार. "दादा, आमचा घोयरा नाही, फॉरेनचा आहे, तो लीगल असतो." हे वाक्य ज्यानं कुणी मुंबईच्या बाजारात पेरलं त्याच्या हुशारीला दाद दिली पाहिजे. अर्धं खरं वाक्य हे अख्ख्या खोट्यापेक्षा जास्त विकलं जातं.

फॉरेनचे म्हणजे बहुतेक दोन. एक व्हेल्ड शॅमेलियन, डोक्यावर उंच तुरा असतो तो, येमेन आणि सौदीतला. दुसरा पँथर शॅमेलियन, निळा-लाल-हिरवा, मादागास्करचा. हे दोन्ही साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत आहेत. म्हणजे व्यापाराला बंदी नाही, पण परवान्याशिवाय व्यापार नाही. भारत या करारात १९७६ पासून आहे. गंमत अशी की आपल्या देशाच्या आत हे प्राणी कुणाकडं आहेत याची नोंद ठेवायची तरतूद कायद्यात यायला २०२२ उजाडावं लागलं. त्यासाठीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला निघाले. ज्यांच्याकडं आधीच असे प्राणी होते त्यांनी सहा महिन्यांत परिवेश पोर्टलवर नोंद करायची होती. ती मुदत ऑगस्ट २०२४ मध्येच संपली. आता नवीन प्राणी घेतला की तीस दिवसांत नोंद. पिल्लं झाली तर कळवा, मेला तर कळवा, दुसऱ्याला दिला तर कळवा. अर्ज जातो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडं, ते बसतात नागपूरला.

म्हणजे लालबागच्या खोलीतला सरडा मेला तर नागपूरला कळवायचं. हसू नका, नियम चांगला आहे. प्रश्न असा की हे विकणारा सांगतो का?

गेल्या पावसाळ्यात मध्य मुंबईतल्या एका दुकानात उभं राहून मी विचारलं होतं. पत्रकार म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून. दुकानात सगळं मासे आणि पक्ष्यांचं. सरडे आत, पडद्यामागं. "कागद मिळेल का?" म्हटल्यावर मालक म्हणाला, "कागद कशाला साहेब, पोपट थोडाच आहे!" म्हणजे पोपट ठेवायला बंदी आहे हे त्याला नीट ठाऊक होतं. कायदा कळत नाही असं नाही. कायदा कुठं संपतो ते बरोबर कळतं. मग पिंजरा विचारला, तर त्यानं काचेची माशांची टाकी दाखवली. वरून जाळीचं झाकण, तळाला लाकडाचा भुसा, पाण्याची वाटी. "झाला सेटअप!" आणि "दिवसाला दोन किडे टाका, बास."

या एका वाक्यावर हजारो रुपये आणि एक जीव जातो. म्हणून आता त्या "सेटअप"चंच बोलू. ज्यांच्याकडं रीतसर नोंद केलेला प्राणी आधीच आहे त्यांनी हे वाचून आपला पिंजरा आजच तपासावा. ज्यांना घ्यायचाय त्यांनीही वाचावं, आणि आपल्या खोलीकडं एक नजर टाकावी.

शॅमेलियनला काचेची टाकी देऊ नये. त्याला चारी बाजूंनी वारा लागतो. काचेत हवा कोंडते, तळाशी ओल साचते, मुंबईच्या पावसाळ्यात तर चार दिवसांत बुरशी. फुफ्फुसं धरतात, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागतो, आणि आपण समजतो "हसतोय". वर काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं. हा एकटा राहणारा प्राणी, दुसरा सरडा दिसला की त्याच्या अंगाची लाहीलाही होते. आता दिवसभर समोर दुसरा सरडा, हलतच नाही. जगेल कसा? याच कारणानं "जोडी घ्या, एकटा कंटाळेल" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कंटाळतो तो माणूस.

म्हणून जाळीचा उभा पिंजरा. मोठ्या प्राण्याला निदान दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि चार फूट उंच. उंची महत्त्वाची, कारण हा जमिनीवरचा नाही, झाडावरचा प्राणी. जाळी अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकचा थर दिलेली बारीक स्टीलची. मच्छरदाणीचं नायलॉन रातकिडे कुरतडतात आणि घरभर होतात, मग शेजारची मावशी तुम्हाला काय बोलेल ते मी लिहीत नाही. पिंजरा जमिनीवर ठेवायचा नाही. फळीवर, टेबलावर, इतका वर की सगळ्यात वरच्या फांदीवर बसला की तो आपल्याकडं खाली बघेल. वरून आलेला हात त्याला घारीसारखाच वाटतो.

आत फांद्या. पेरूची, जांभळाची, बोटाएवढी जाड, पंजात धरता येईल अशी, आडव्या-तिरप्या बांधलेल्या. आणि खरी झाडं, दाट. मनीप्लांट चालतं, जास्वंद उत्तम. पण नर्सरीतून आणलेलं रोप तसंच आत ठेवायचं नाही. त्यावर औषध मारलेलं असतं. पानं धुवून, माती बदलून काही आठवडे बाहेर ठेवा. प्लास्टिकच्या वेली स्वस्त, पण तोडून खाल्ल्या तर आतडं अडकतं. तळाला भुसा, वाळू, खडे काही नको. साधा पाणी निथळणारा तळ, खाली ट्रे, रोज पुसायचा.

पाण्याची वाटी तर निव्वळ शोभा. शॅमेलियनला साचलेलं पाणी पाणी म्हणून कळतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब चमकला की तो जीभ लावतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारणी आणि दिवसा थेंब-थेंब पाणी. सलाइनचा सेट लावून करतात बरेच लोक, केमिस्टकडं मिळतो, गाठीच्या चाकानं थेंब कमी-जास्त करता येतो. पण फवारणीनंतर पिंजरा पुन्हा कोरडा झाला पाहिजे. जुलै महिन्यात गिरगावच्या तळमजल्यावर, जिथं आपले टॉवेल चार दिवस वाळत नाहीत, तिथं हे कसं करणार? पंख्याचा झोत थेट अंगावर न मारता हवा खेळती ठेवणं ही रोजची कसरत आहे. डोळे खोल गेलेले दिसले की समजायचं, पाणी कमी पडतंय.

मग उजेड. इथं सगळ्यात जास्त जनावरं मरतात, आणि हळूहळू मरतात, म्हणून कुणाला कळत नाही. उन्हातले अतिनील किरण नसतील तर त्याच्या अंगात कॅल्शियम मुरत नाही. हाडं मऊ होतात, पाय वाकतात, जबडा लुळा पडतो, जीभ फेकता येत नाही. जीभ नाही म्हणजे जेवण नाही. "आमच्या खिडकीत ऊन येतं की" असं म्हणाल, तर खिडकीची काच हे किरण अडवते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची खास ट्यूब लागते, लांब नळी असते तशी, पिंजऱ्याच्या छतावर जाळीबाहेर. ती डोळ्यांना चालू दिसत राहते, पण सहा महिने ते वर्षभरात तिचे किरण ओसरतात, बदलावीच लागते. जोडीला ऊब घ्यायला एक दिवा, तोही जाळीच्या बाहेर आणि अशा अंतरावर की सगळ्यात वरच्या फांदीवर तीस अंशांच्या आसपास भरेल. आत लावला तर हा बावळट त्याला लोंबकळून भाजून घेतो, चटका बसल्याचं त्याला वेळेत कळत नाही. थर्मामीटर लावा, हातानं अंदाज घेऊ नका. आणि खाली सावलीचा गारवा ठेवा, म्हणजे त्याला हवं तिथं जाता येईल. मे महिन्यात मुंबईत खोलीच तेहतीस-चौतीसला गेली की तो दिवा बंद ठेवावा लागतो, हेही दुकानदार सांगणार नाही.

बारा तास उजेड, बारा तास काळोख. काळोख म्हणजे पूर्ण काळोख. आता सांगा, दहा बाय बाराच्या खोलीत, जिथं एकाचा अभ्यास, एकाची नाईट शिफ्ट, आजीची सिरियल आणि साडेअकराला येणारा भाऊ, तिथं कुठल्या कोपऱ्यात संध्याकाळी सातला काळोख होतो? डिप्लोमा करताना मी दोन वर्षं काकांकडं लालबागला राहिलोय. त्या खोलीत मला स्वतःला काळोख मिळाला नाही.

देवाजवळची अगरबत्ती, डासांची कॉइल, लिक्विड, झुरळांचा स्प्रे, फिनेल, मासे तळल्याचा धूर. चाळीतल्या खोलीत यातलं टळणारं काय आहे? गणपतीचे दहा दिवस तर विचारूच नका. शॅमेलियनला बाहेरचा कान नसतो, म्हणून "त्याला ढोल ऐकू येत नाही" असं एकानं मला शिकवलं. फांदीतून येणारा हादरा त्याला कळतो, दादा. लालबागच्या रस्त्यावर ढोल-ताशा उभा राहिला की माझ्या छातीचं पाणी होतं, तो तर वीतभर.

आणि एक गोष्ट जी मी पिंजरा विकणाऱ्या एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेली नाही. व्हेल्डची मादी असेल तर नराशिवायही ती अंडी धरते. अंडी घालायला तिला जमीन उकरावी लागते. पिंजऱ्यात ओलसर वाळू-मातीचं खोल, निदान फूटभराचं भांडं नसेल तर ती अंडी पोटात अडकतात आणि ती तडफडून मरते. घरच्यांना वाटतं, "काल तर बरी होती." नर की मादी हे विकताना विचारलं तर उत्तर मिळतं, "नरच आहे, घेऊन जा."

खाणं म्हणजे जिवंत किडे. रातकिडे, पैदाशीची झुरळं, अळ्या. किड्यांना आधी चांगलं खायला घालायचं, मग त्यांना कॅल्शियमची पूड लावून द्यायचं. मोरीतलं झुरळ नको, त्यानं कुणाकुणाच्या घरचं औषध खाल्लंय देव जाणे. म्हणजे एक सरडा पाळायचा तर शंभरभर किडे पाळायचे. पिंजरा एक नाही, दोन.

आता हिशेब लावा. बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींतल्या माणसांनी शंभर वर्षं त्यात संसार केले, आणि आता कुठं ५०० चौरस फुटांची घरं हाताला लागायला लागलीयत. माणसाला किती जागा लागते यावर या शहरात मोर्चे निघाले, समित्या बसल्या, निवडणुका झाल्या. त्या शहरात एका परदेशी सरड्याला किती जागा लागते हे लिहिलेला सरकारी कागद मी शोधला. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीचे केंद्राचे २०१८ चे नियम आहेत. त्यात दुकानाला नोंदणी लागते, पिंजऱ्यांची मापं आहेत. कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर, पिंजऱ्यातले पक्षी, सगळ्यांची नावं आहेत. सरपटणाऱ्या प्राण्याचं नाव त्या यादीत नाही. हॅमस्टरला माप आहे, शॅमेलियनला नाही. पडद्यामागचा धंदा नेमका या फटीत बसलाय.

आणि धंदा लहान नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये डीआरआयनं मुंबईत शोभेच्या माशांच्या नावाखाली आलेली खेप उघडली, तेव्हा आत ६६५ प्राणी निघाले, अजगर, सरडे, कासवं. त्यातले ११७ मेलेले होते. जवळपास दर सहामागं एक, तोही विमानातून उतरेपर्यंतच. जून २०२५ ला मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप आणि ५ कासवं सापडली. हे पकडलेले. जे सुटले ते कुठं जातात? कुठल्यातरी पडद्यामागं, कुणाच्यातरी स्टेटसवर, आणि मग आपल्या भाच्याच्या वाढदिवसाला.

दुकानं तपासायची कुणी? विमानतळावर कस्टम. रस्त्यावर आलं की वनखातं. दुकानाचा परवाना महापालिकेकडं. नोंदणी प्राणी कल्याण मंडळाकडं. साइट्सची नोंद नागपूरला. तक्रार घेऊन गेलात की प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, इथं खात्यांची धाव आपापल्या कुंपणापर्यंत आहे आणि सरडा मधल्या मोकळ्या जागेतून आरामात विकला जातोय.

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, १८६९ ची इमारत, महापालिकेच्या मालकीची. तिथला पाळीव प्राण्यांचा भाग अख्ख्या मुंबईला माहीत आहे. महापालिकेच्या मंडयांत जे गाळे आहेत त्यांचं भाडं महापालिका घेते. मग भाडेकरू काय विकतो हे बघायला तिला केंद्राच्या नियमाची वाट बघायची गरज नाही. महिन्यातून एकदा वनविभागाचा एक माणूस आणि मंडईचा एक निरीक्षक एकत्र फिरला, आणि प्रत्येक परदेशी प्राण्याच्या पिंजऱ्यावर नोंदणीचा कागद लावायची सक्ती केली, तर अर्धा धंदा पंधरा दिवसांत बसेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. चपला झिजवाव्या लागतात.

"मुंबईकरांना प्राण्यांचं पडलेलं नाही" असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तर लोक रस्त्यावर उतरले, ताडपत्री फाडली. त्याच्या आदल्याच महिन्यात नांदणीच्या मठातली हत्तीण जामनगरला नेली तर अख्खा कोल्हापूर जिल्हा पेटला. राणीच्या बागेत २०१६ ला पेंग्विन आणले, त्यातला एक काही महिन्यांतच मेला, त्यावर आजतागायत राजकारण चालू आहे. म्हणजे प्राणी मोठा असला, गोंडस असला, किंवा भावनेशी जोडलेला असला की शहर जागं होतं. बोटभर जिवासाठी कोण येणार? त्याला तर आपण शिवी करून ठेवलंय. पक्ष बदलला की पुढारी सरडा. बिचारा सरडा! जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं की शॅमेलियनच्या कातडीत सूक्ष्म स्फटिकांची जाळी असते आणि ती सैल-घट्ट झाली की रंग पालटतो. तो पालटतो राग, भीती, थंडी, माजावर येणं यामुळं. मागच्या भिंतीचा रंग बघून नव्हे. म्हणजे सरड्याच्या रंगावरून त्याच्या पोटात काय आहे ते कळतं. पुढाऱ्यांच्या बाबतीत ही सोय नाही, तेव्हा ही तुलना आता बंद करा. आणि रीलमध्ये काळा पडलेला शॅमेलियन दिसला की "वाव, कलर चेंज" लिहू नका. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो किंवा गारठलेला.

यावर मला दोन उत्तरं येणार, ठाऊक आहे. पहिलं, "काही लोक फार छान पाळतात, पैदासही करतात." खरंय. मी अशा एकाचं घर पाहिलंय. स्वतंत्र खोली, टायमर, फवारणीचं यंत्र, वहीत रोजचं वजन, नोंदणीचा कागद फाइलमध्ये. त्याच्याबद्दल मला तक्रार नाही. पण त्यानंच मला सांगितलं की तो कुणालाही पहिला प्राणी म्हणून शॅमेलियन घ्यायला सांगत नाही. जो सगळ्यात जास्त जाणतो तो नको म्हणतोय, आणि जो काही जाणत नाही तो भुसा भरून विकतोय.

दुसरं उत्तर, "कोंबडी खाता ना, मग सरड्याचा कळवळा कशाला?" खातो. रविवारी दोनदा खातो. कोंबडी येमेनहून बॅगेत कोंबून येत नाही, तिच्यापायी कुठल्या देशातलं जंगल रिकामं होत नाही. आणि कंटाळून सोडलेली कोंबडी जंगलात वस्ती करत नाही. व्हेल्ड शॅमेलियन फ्लोरिडात आणि हवाईत पाळणाऱ्यांनी सोडले, तिथं ते रानात स्थिरावलेत. आपल्याकडं काय होतं याची चुणूक शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या तरणतलावात मिळालीच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथं सकाळी मगरीचं पिल्लू पोहत होतं.

आजारी पडला तर कुठं न्यायचा हे घेण्याआधी ठरवा. परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे, शेजारी १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कुत्र्या-मांजरांसाठी गल्लोगल्ली डॉक्टर आहेत. पण सरड्यांवर हात बसलेला डॉक्टर शोधावा लागतो, आणि शॅमेलियन आजार लपवतो. दिसायला लागला तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

ज्यांना पोरांना घोयरा दाखवायचाय त्यांनी दिवाळीत गावी या. पाऊस संपताना बांधाबांधावर दिसतो. संध्याकाळी टॉर्च घेऊन निघालो की फांदीवर झोपलेला फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो, दिवसापेक्षा सोपा सापडतो. दोन हात लांबून बघायचं, फोटो काढायचा, फांदीला हात लावायचा नाही. मी येतो सोबत, फुकट. चहा तुमचा.

आणि कॉमेंटमध्ये दुकानांची नावं, फोन नंबर टाकू नका, मी डिलीट करणार. फुकटची जाहिरात होते आणि अर्धी नावं धंद्यातल्या भांडणातून येतात. फोटो, तारीख, गाळ्याचं ठिकाण लिहून ठेवा, १९२६ ला फोन करा, तक्रारीचा नंबर मिळाला की मला इनबॉक्स करा. दहा नंबर जमले की मी ते घेऊन महापालिकेच्या मंडई खात्यात जाणार आहे. काय उत्तर मिळालं ते इथंच लिहीन.